चर्चची व्हॅन आणि ब्रेकवरचा पाय

गाडी चालवण्याच्या परीक्षेत नापास व्हायला अंगात काही खास गुण असावे लागतात, असं सेमिसीचं ठाम मत होतं. "डोळे आहेत, हात आहेत, पाय आहेत. आणखी काय लागतं?" हे तो दोनदा नापास झाल्यानंतरही छातीठोकपणे सांगायचा. आत्मविश्वास असावा तर असा!

दूर समुद्रातल्या सवाईई बेटावरच्या आमच्या गावात सेमिसी म्हणजे चर्चच्या गायनमंडळाचा प्रमुख. ऑकलंडच्या नातेवाइकांनी वर्गणी काढून चर्चला एक व्हॅन पाठवली, तेव्हा पाद्रीबाबांनी जाहीर केलं, "येत्या रविवारी ज्याच्याकडे लायसन्स असेल, तो ही गाडी चालवेल." झालं! पांढरा कोट घालून अख्ख्या गावासमोर स्टिअरिंगवर मिरवायचं, की जन्मात एकदाही सुरात न गायलेल्या पेसामिनोच्या मागे मुकाट बसायचं? पेसामिनोही लायसन्सच्या खटपटीत होताच. सेमिसीची झोपच उडाली.

पहिल्यांदा तो लेखी परीक्षेत आपटला होता. चौकात दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोण जाईल? सेमिसीने लिहिलं, 'ज्याचा मान मोठा तो.' रस्त्यात डुक्कर आडवं आलं तर काय कराल? 'कोणाचं आहे, त्यावर अवलंबून.' आता यात चूक काय, ते त्याला आजतागायत कळलेलं नाही! शेवटी पुस्तकातली उत्तरं पोपटासारखी पाठ करून त्याने लेखी सोडवली, आणि रस्त्यावरच्या परीक्षेत झोपला. आमच्याकडे वाटेतल्या माणसाला हात न करता पुढे गेलात, तर संध्याकाळपर्यंत तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. सेमिसीने उजवीकडे हात केला, डावीकडे हात केला, अंगणात झोपलेल्या म्हाताऱ्यालाही हात केला. परीक्षक म्हणाला, "स्टिअरिंगला तुमचा हात एकदाच लागला, तोही चुकून."

आता ही तिसरी खेप, चर्चचीच व्हॅन घेऊन. परीक्षक म्हणून आली लेआता नावाची तरुण मुलगी. काळा चष्मा, कडक इस्त्री आणि त्याहून कडक चेहरा.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर. कोणालाही हात करायचा नाही. कळलं?"

"कळलं बाई! हात डिंकाने चिकटवलेत समजा."

आणि खरंच, त्याने हात हलवला नाही. वाटेत माणूस दिसला की तो नुसती मान खाली घालून नमस्कार करायचा. मान खाली म्हणजे डोळेही खालीच. पण हात कसे, जागच्या जागी!

"समोर बघा! समोर!" लेआता किंचाळली.

समोर रस्त्याच्या मधोमध सिनापाती आत्या उभी होती. वय विचारायची कोणाची छाती नाही, अशी बाई. एका हातात अळूच्या कंदांची टोपली, दुसऱ्या हातात कोंबडी. सेमिसीने करकचून ब्रेक दाबला.

"सरक गं पोरी," आत्याने दार उघडलं.

"अहो आजी, परीक्षा चाललीय इथे!"

"चालू दे की. मी कुठे अडवलंय?"

"ही माझी जागा आहे!"

"मग बस माझ्या मांडीवर. बसमध्ये गर्दीत नाही का बसत?"

लेआता काही बोलायच्या आत आत्याच्या मांडीवर होती, आणि कोंबडी लेआताच्या मांडीवर. आत्याला घेतलेलं पाहून तालमीहून परतणाऱ्या गायनमंडळाच्या बायका धावल्या. "आम्ही तुझं काय घोडं मारलंय रे सेमिसी?" मागची बाजू गच्च भरली.

"कोणाची गं तू?" आत्याने चौकशी सुरू केली. आजोळ झालं, पणजोळ झालं, आणि लेआता आत्याच्या दिराची नात निघाली! सेमिसीला आकाश ठेंगणं झालं. घरचीच पोर! ती काय नापास करणार? कोट धुवायला टाकला पाहिजे, असं त्याने मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

मग प्रत्येकीच्या दारात थांबा, पण कायमची उतरली एकही नाही. एकीने शहाळी दिली, एकीने जबरदस्तीने जेवायला वाढलं. असं करत करत गावाच्या वेशीवर उतारापाशी पोचले, तोच शंख वाजला. सांजप्रार्थना! या वेळी गावात कोणी हलत नाही, बोलत नाही. आणि वाटेच्या कडेला पहाऱ्याला, लुंगी खोचून, काठी आडवी धरून कोण उभं? पेसामिनो!

"थांबा!" तो अशा थाटात म्हणाला, की जणू बेट त्याच्या नावावर आहे.

सेमिसीने ब्रेक दाबून गाडी थांबवली. गाडी ऑटोमॅटिक, त्यामुळे इंजिन चालूच राहिलं, गिअरही तसाच. हॅन्डब्रेक नावाची वस्तू गाडीत असते, हे पुस्तकात होतं म्हणे, पण ते पान पाठ करायचं राहिलं होतं. सगळ्यांनी डोळे मिटले. आत्याने स्तोत्र उचललं, तेही भलत्याच पट्टीत. आता गायनमंडळाचा प्रमुख हे कसं सहन करेल? डिंकाने चिकटवलेले हात सुटले. डोळे मिटून सेमिसी दोन्ही हातांनी मंडळ सांभाळू लागला, आणि रंगात आल्यावर पायाने ताल धरला. उजव्या पायाने. ब्रेकवरच्या!

पायाच्या प्रत्येक ठेक्याला व्हॅन थोडी पुढे सरकली. मग उतार लागल्यावर ठेक्याचीही गरज उरली नाही. पेसामिनो बघत होता. पण प्रार्थनेत ओरडणाऱ्याला दंड असतो, आणि नियम म्हणजे नियम! आपली गाडी गावाबाहेर कशी जाते, ते त्याने अत्यंत भक्तिभावाने पाहिलं.

"आमेन!"

डोळे उघडले, तर पायाला पाणी.

"अगं बाई! समुद्र इतका जवळ कधी आला?" आत्या म्हणाली.

कोंबडी टपावर, बायका सीटवर उभ्या. लेआताने पेन काढलं. आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. "काय लिहितेस? प्रार्थनेत डोळे उघडे होते वाटतं तुझे?"

"छे छे! मी काहीच पाहिलं नाही!"

"पाहिलं नाही, म्हणजे चूक नाही!" सेमिसी आनंदाने ओरडला. "म्हणजे पास!"

"काका," लेआता पहिल्यांदाच गोड बोलली, "तुम्ही आजींना गाडीत घेतलंत तेव्हाच नापास झालात."

"अगं, मग तेव्हाच का नाही थांबवलंस?"

"मला पुढच्या गावात मुक्कामाला जायचंय. या वेळेला बस कुठे मिळते?"

सेमिसीचा चेहरा बघवेना. एवढ्यात आत्याने त्याला ढकलून बाजूला केलं, गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि एका दमात रस्त्यावर आणून उभी केली. मग कनवटीतून लायसन्स काढून लेआताच्या नाकासमोर नाचवलं. ऑकलंडला मुलाकडे राहताना काढलेलं, इथल्या नियमाने बदलूनही घेतलेलं.

"आत्या! आणि इतकी वर्षं तू रस्त्यात उभी राहून आमच्या गाड्या थांबवतेस?"

"स्वतः चालवायला लागले, तर मला कोण नेऊन सोडेल रे?"

रविवारी चर्चची व्हॅन वाजतगाजत गावातून निघाली. स्टिअरिंगवर आत्या. मागे, लायसन्स न मिळालेल्या पेसामिनोच्या शेजारी, पांढऱ्या कोटात, मांडीवर कोंबडी घेऊन सेमिसी. पण गावकऱ्यांना तो अगदी मनसोक्त हात करत होता. चांगले दोन्ही हात!