प्रिंटर विझवल्याचा दाखला

श्री वडजाई सहकारी साखर कारखान्याच्या प्रिंटरला आग लागल्याची बातमी प्रथम संगणकाला कळली, मग कार्यालय अधीक्षक सयाजीरावांना आणि त्यानंतर अवघ्या इस्लामपूर रस्त्याला. प्रिंटरला स्वतःला मात्र ती शेवटपर्यंत कळली नाही. तो आपल्या टेबलावर झेंडूचा हार घालून गार बसून होता.

१९९८ सालचा दसरा नुकताच उलटला होता. कारखान्याचा संगणक विभाग म्हणजे देवदत्त, एक संगणक, तो प्रिंटर आणि 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी. संगणकात लिनक्स नावाची प्रणाली होती. देवदत्तने ती कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मित्राकडून सीडीवर आणली होती आणि फुकट असल्यामुळे संचालक मंडळाला ती पाहताक्षणी आवडली होती. "हिचा मालक कोण?" असं अध्यक्ष बापूसाहेबांनी विचारलं, तेव्हा देवदत्त म्हणाला होता, "कुणीच नाही. जगभरची माणसं मिळून बनवतात. बिघडली की ज्याला जमेल तो दुरुस्त करतो." बापूसाहेब म्हणाले, "म्हंजे सहकारच की." एकमताने मंजुरी मिळाली. ज्याला जमतं त्याला दुरुस्त करू द्यायचं असतं, एवढं मात्र ठरावात यायचं राहून गेलं.

देवदत्त बिचारा रोजंदारीवर होता. या हंगामाचा ऊसतोडणीचा कार्यक्रम, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा त्याचे कागद, वेळेत छापून निघाले की त्याला कायम करायचं, असं ठरलं होतं. आणि तो कायम झाल्याशिवाय वाईच्या शरयूचे वडील लग्नाची सुपारी फोडणार नव्हते. थोडक्यात, त्याचा संसार त्या प्रिंटरच्या तोंडातून बाहेर यायचा होता.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. बॉयलर, वजनकाटा, ट्रॅक्टर झाले, तसा बापूसाहेबांनी स्वहस्ते प्रिंटरलाही हार घातला. दसरा झाल्यावर देवदत्तने तोडणीचा कार्यक्रम छापायला सोडला. प्रिंटर एकदा गुरगुरला. कागदाबरोबर हाराचा दोराही त्याने आत ओढून घेतला आणि तो थांबला. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली: 'एलपी-झिरो ऑन फायर'.

देवदत्तला हसू आलं. दोरा ओढून काढायला त्याने हात पुढे केला, तेवढ्यात मागून सयाजीरावांचा आवाज आला.

"हात लावू नकोस. एलपी-झिरो म्हणजे काय?"

"आपला प्रिंटर, साहेब."

"आणि ऑन फायर म्हणजे पेटलेला. मॅट्रिकला इंग्रजीत पहिला होतो मी."

"साहेब, प्रिंटरला काय झालंय ते प्रणालीला कळलं नाही, की ती असं म्हणते. लिहिणाऱ्यांनी गंमत केलीये."

सयाजीरावांचा चेहरा गंभीर झाला. "गंमत करायला मंजुरी कुणी दिली?"

"हार अडकलाय फक्त. काढला की झालं."

"अध्यक्षांनी घातलेला हार तू काढणार? रोजंदारीवरचा माणूस?"

हा मुद्दा बिनतोड होता. बापूसाहेब मुंबईला गेले होते, आणि ते हंगामाचा बॉयलर पेटवायला, म्हणजे अग्निप्रदीपनालाच परतणार होते. सयाजीरावांनी आगीची घंटा वाजवली.

सुरक्षा अधिकारी आकाराम वाळूच्या बादल्या घेऊन धावत आला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्याने आधी पोझिशन घेतली, मग प्रिंटरच्या पाठीवर पालथा हात ठेवून पाहिला.

"सायेब, ह्यो तर गार हाय."

"संगणकाला विचारलंस का?"

देवदत्तला पुन्हा छापायची आज्ञा द्यावी लागली. पुन्हा तीच ओळ उमटली. आकारामने ती ओळ पाहिली, प्रिंटर पाहिला आणि सयाजीरावांचा चेहरा पाहिला. तिन्हींत चेहरा वरिष्ठ होता. तो म्हणाला, "मंग आग हाय."

तिथून पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. संगणकाची खोली दोरी बांधून बंद केली. कार्यालय चिंचेखाली हललं. आगग्रस्त कर्मचारी म्हणून सगळ्यांना कँटीनमधून चहा फुकट सुरू झाला, आणि चहा सुरू झाल्यावर आग खोटी आहे असं म्हणणारं देवदत्तखेरीज कुणी उरलं नाही. लेखा विभागाच्या विजयमालाबाईंना धुराने खोकला सुरू झाला. कामगार संघटनेने ज्वाला भत्ता मागितला. इस्लामपूरच्या साप्ताहिकाने 'आग आटोक्यात' अशी बातमी दिली, तर कराडच्या साप्ताहिकाने 'आग धुमसतीच'. त्यावरून दोन्ही गावांत वादावादी झाली.

अशात अग्निप्रदीपनाचा दिवस उगवला. मांडव सजला होता, भटजी आले होते, बापूसाहेब हातात मशाल घेऊन बॉयलरपुढे उभे होते. सयाजीरावांनी नम्रपणे त्यांचा हात धरला.

"साहेब, आवारात एक आग चालू असताना दुसरी लावता येत नाही. नियम आहे."

"कुठली आग?"

"प्रिंटरची. ती विझल्याचा सुरक्षा अधिकाऱ्याचा दाखला लागेल."

बापूसाहेबांनी आकारामकडे पाहिलं. तो खाडकन सावधान झाला. "सायेब, दाखला देतो की. पर आग दिसंना. जी दिसत न्हाई ती इझली म्हनून सही कशी करू? फौजेत अशी सही न्हाई केली कवा."

"मग लागलेलीच नाही, असं लिहा," देवदत्त मागून म्हणाला.

इतक्या दिवसांचा चहा, विजयमालाबाईंचा खोकला आणि दोन साप्ताहिकं यांचा हिशेब मग कोण देणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होता. बापूसाहेबांनी सहकारात हयात घालवली होती. त्यांनी क्षणभरच विचार केला.

"दिसत न्हाई हीच अडचण हाय न्हवं? आना त्याला हिकडं."

प्रिंटर हारासकट वाजतगाजत मांडवात आला. भटजींना या प्रसंगाचा मंत्र ठाऊक नव्हता, तेव्हा त्यांनी बॉयलरचाच म्हटला. बापूसाहेबांनी मशाल टेकवली. प्लॅस्टिकने असा काही भडका घेतला की विजयमालाबाई पहिल्यांदाच खोकायच्या थांबल्या. आकारामने झोकात बादल्या रिकाम्या केल्या आणि सलाम ठोकला. टाळ्या पडल्या. पाठोपाठ बॉयलरही पेटला.

दाखल्याला एकच गोष्ट कमी पडत होती, ती म्हणजे विझवलेली आग हीच मूळ आग होय, असं सांगणारा प्रत्यक्षदर्शी. ती आग पहिल्यांदा देवदत्तने पाहिली होती. सयाजीरावांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. शेजारीच त्याच्या कायम नोकरीचा हुकूम होता, प्रिंटर कैलासवासी झाल्यामुळे टाइपरायटरवर बडवलेला.

"तोडणीचा कार्यक्रम छापला नाही म्हणून तुला दोष देणार नाही. आग होती ना," सयाजीराव मायेने म्हणाले. "पण नव्हती असं म्हणालास, तर कार्यक्रम का छापला नाहीस, ते तुला सांगावं लागेल."

देवदत्त पेन घेऊन बसून राहिला. खोटं लिहायची त्याला खरोखर लाज वाटत होती, आणि सही न करता शरयूला काय तोंड दाखवायचं याचीही. आकाराम त्याच्याजवळ उकिडवा बसला.

"देवदत्तराव, माजी आई सांगायची, मी दिवाळीत झालो. मास्तरांनी शाळंत एक जून लिवली. एक जून सांगून फौजंत गेलो, एक जूनलाच भाईर आलो. आता पेन्शन एक जून देतीया. दिवाळीनं काय दिलं? करंजी."

देवदत्तने सही केली.

मार्गशीर्षात लग्न झालं. शरयूने एकदा विचारलं, आग मोठी होती का हो? देवदत्त म्हणाला, बरीच. हे सांगताना त्याला खरोखर ज्वाळा दिसल्या. तिकडे संगणकाच्या खोलीत प्रिंटरची केबल कशालाच न जोडलेली लोंबत होती. कुणीतरी सहज छपाईची आज्ञा देऊन पाहिली, तर पडद्यावर आलं, प्रिंटरमधला कागद संपला आहे. सयाजीरावांनी ताबडतोब कागद मागवला.

आपण हे वाचून हसला असाल, तर जरूर हसा. हसून झालं की कपाटातला आपला शाळा सोडल्याचा दाखला तेवढा काढा. जन्मतारीख एक जून असेल, तर गेल्या एक जूनला शुभेच्छा द्यायला आलेल्या माणसांना आपण काय म्हणालात, ते आठवून पाहा. आणि ती नसेल, तर वडिलांचा काढा.