हरिहररावांचा सहकुटुंब सत्कार

कार्यक्रमपत्रिका छापून आली तेव्हा तिच्यात नाटक आधी होतं आणि सत्कार नंतर. खंडोजीरावांनी ती चष्म्याच्या वरून पाहिली, खिशातलं पेन काढलं आणि बाण ओढून सत्कार वर नेऊन ठेवला. "स्वल्प सत्कार आधी, मॅडम. पाहुण्यांना ताटकळत ठेवत नाहीत आपल्यात," ते म्हणाले. सिंधूनं मान डोलावली. साताऱ्याहून म्हैसूरला येऊन तिला चारच वर्षं झाली होती, आणि 'स्वल्प' म्हणजे नेमकं किती, हे तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

दिवसा ती एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायची. शनिवारी संध्याकाळी मात्र इथल्या मराठी घरांतली आठ पोरं-पोरी गोळा करून त्यांना नाटक शिकवायची. उभं कसं राहायचं, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत कसा पोचवायचा, समोरचा वाक्य विसरला तर वेळ कशी मारून न्यायची, असं सगळं. पोरांचं मराठी बेताचं, अर्धं वाक्य कानडीत पडायचं, पण नाटक त्यांनी स्वतः रचलं होतं. पस्तीस मिनिटांचं. हॉल होता समाजाचा, म्हणजे समाजाचे अध्यक्ष खंडोजीराव यांचा, आणि तो फुकट मिळाला होता. फुकट मिळालेल्या हॉलमध्ये कोण कुणाला काय बोलणार?

त्या आठ जणांत चैत्रा सगळ्यांत तयारीची. वीस वर्षांची, नंजनगूडहून गाडीनं यायची. नाटक शिकवणाऱ्या संस्थेत तीन वर्षांसाठी तिची निवड झाली होती आणि सोमवारी कळवायचं होतं. तिचे वडील गुरुराव नंजनगूडच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी साहेबांशी बोलून त्याच कारखान्याच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची बघून ठेवली होती. तीही सोमवारपासूनच. आईनं फार विनवलं तेव्हा गृहस्थ एवढंच कबूल झाले, की एकदा येऊन बघतो, पोरीत काही आहे की नुसतंच खूळ. "आठपर्यंत बसेन. मग गाडी आहे. आयितु," ते म्हणाले. आयितु म्हणजे झालं, संपलं. त्यांचं प्रत्येक बोलणं इथंच संपायचं.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. आता आपल्या म्हैसूरचा सत्कार म्हणजे काही नुसता गुलाब हातात देऊन मोकळं होणं नव्हे. डोक्यावर जरीचा म्हैसूर पेटा, खांद्यावर शाल, हातात फळांची परडी, मग फोटो, आणि मग दोन शब्द. सिंधूच्या यादीत नाव एकच होतं, प्रमुख पाहुणे भुजंगराव. पण भुजंगराव मेहुण्यांना घेऊन आले. मेहुण्यांना बोडक्या डोक्यानं शेजारी बसवायचं कसं? त्यांचा सत्कार झाला. मेहुण्यांचा झाला म्हटल्यावर खुर्च्या ज्यांनी दिल्या त्यांनी काय पाप केलं होतं? खुर्च्यांचा झाला तर माइकवाल्याचा हवा. तो बिचारा मला सोडा, वायर सांभाळायची आहे म्हणत होता, त्याला वायरसकट वर आणलं. तेवढ्यात गेल्या वर्षीचे सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत खोकू लागले. खंडोजीराव एकेक चिठ्ठी पाठवत होते आणि माइकपाशी उभी राहून सिंधू ती वाचत होती.

लष्कर मोहल्ल्यातल्या दुकानातून पेटे आणले होते बारा. सात वाजता चिठ्ठ्या झाल्या पंधरा. तिथं पोरांनी अक्कल लढवली. सत्कारमूर्ती फोटो काढून विंगेत आले की एक पोरगी अदबीनं बदामदुधाचा पेला दोन्ही हातांत द्यायची, आणि म्हातारबुवांचे हात गुंतले की मागून दुसरा पोरगा पेटा अलगद उतरवून घ्यायचा. "उकडत असेल ना, ताता," वर असं म्हणायचा, ताता म्हणजे आजोबा. तालमीत कधी जमलं नव्हतं इतकं वेळेवर जमत होतं.

भुजंगरावांचे दोन शब्द बावीस मिनिटं चालले. विषय, हल्लीची मुलं रंगमंचावर का येत नाहीत. हल्लीची आठ मुलं तोंडाला रंग फासून विंगेत उभी होती आणि ऐकत होती.

आठला वीस मिनिटं होती. चौथ्या रांगेत गुरुरावांनी घड्याळाचा पट्टा सारखा केला आणि पिशवी मांडीवर घेतली. चैत्रानं ते विंगेतून पाहिलं. तिची भूमिका आजोबांची. धोतर, कोट, पांढऱ्या मिशा, जाड काचांचा चष्मा, सगळं तासाभरापूर्वीच चढवून झालं होतं. "अप्पा उठले की संपलं, मॅडम," ती म्हणाली. ती रडत नव्हती, आणि सिंधूला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सिंधू तडक खंडोजीरावांकडे गेली. आता थांबवा म्हणाली, मुलांना अर्धा तास द्या म्हणाली. त्यांनी खिशातून आणखी तीन चिठ्ठ्या काढून दाखवल्या. सत्कार मध्येच थांबवला तर राहिलेले लोक जन्मात तोंड बघणार नाहीत, नाटकाचं काय, नाटक पुढच्या महिन्यातही होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. माणूस वाईट नव्हता. चाळीस वर्षं समाज सांभाळताना त्यांनी एवढंच शिकून घेतलं होतं, की काहीही मध्ये थांबवता येतं, सत्कार तेवढा थांबवता येत नाही. ते ऐकता ऐकता सिंधूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती परत आली, तिनं एका कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःच नाव लिहिलं, विंगेत पोरांना चार वाक्यांत बेत सांगितला आणि माइक हातात घेतला.

"यानंतर पिरियापट्टणचे ज्येष्ठ, आदरणीय हरिहरराव यांचा सहकुटुंब सत्कार."

हरिहरराव हे नाटकातल्या आजोबांचं नाव. खंडोजीराव दचकले. असा कुणी माणूस त्यांना आठवेना. पण व्यासपीठावर येणाऱ्या ज्येष्ठाला ओळखत नाही, हे अध्यक्षानं कबूल करायचं? त्यांनी पुढे होऊन म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. "किती वर्षांनी भेट, हरिहरराव."

"वीस," म्हातारा खोल आवाजात म्हणाला.

माइकवाल्याच्या डोक्यावरचा पेटा अजून गरम होता, तो हरिहररावांच्या डोक्यावर चढला. शाल झाली, परडी झाली. कुटुंब मागे उभं होतं, मुलगा, सून, लेक, जावई, नातवंडं, सगळी मिळून सात. फोटो झाला न झाला तोच मुलगा पुढे सरसावला आणि म्हणाला, की बाबा, आता एवढ्या लोकांसमोर सांगून टाका, घर विकायचं की नाही. सून म्हणाली, इथं कशाला तमाशा. जावई म्हणाला, तमाशाला सुरुवात कुणी केली. आणि नाटक सुरू झालं.

बाहेर बदामदूध प्यायला गेलेली माणसं पेल्यांसकट आत आली. ज्यांनी आजवर एकही नाटक अर्ध्याच्या पुढे पाहिलं नव्हतं, ती खुर्चीच्या टोकावर येऊन बसली. खंडोजीराव मध्ये पडले, घरातलं घरात मिटवा, नोडी, बघा जरा, लोक पाहतायत, असं समजावू लागले, तर नातवानं त्यांचा हात धरून त्यांना आदरानं खुर्चीत बसवलं. भुजंगरावांनी बसल्या जागेवरून वाटणीचा सल्ला दिला. सुनेनं तोही नाटकात घेतला आणि त्यांना तीन प्रश्न विचारून गप्प केलं.

गुरुराव जायला उठले होते, पिशवी खांद्यावर होती. मागच्यानं बसा म्हटलं, तसे बसले.

आता कुणी विचारील, बापाला स्वतःची मुलगी ओळखू आली नाही? अहो, कशी येणार? घरी ती त्यांच्यापुढे 'हं' आणि 'जेवायला या' याखेरीज बोलायची कधी? तिचा आवाज चार वाक्यं सलग चालतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

शेवटी म्हातारा माइकपाशी आला. त्यानं दोनदा घसा खाकरला. मनगटावरचा घड्याळाचा पट्टा सारखा केला.

"चाळीस वर्षं मी तंबाखूच्या भट्टीवर जाळ राखला," तो म्हणाला. "त्याआधी मी गायचो. वडील म्हणाले, गाण्यानं पोट भरत नाही. मी गाणं बंद केलं. आयितु. मग माझी लेक नाचायला लागली. मी तिला तेच म्हणालो. गुणाची पोर, तिनं लगेच ऐकलं. आयितु. आता ही सगळी म्हणतात, घर विका. विका बापडे. पण त्या घरात इतकं शांत असतं, की फ्रिज घरघरला तरी मी त्याला विचारतो, काय म्हणालास? दोन शब्द बोला म्हणालात म्हणून सांगतो. माझ्या घरात दोन शब्द बोलणारं कुणी उरलं नाही. मीच गप्प केलं सगळ्यांना."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. भुजंगराव शालीच्या टोकानं डोळे पुसत होते. हे नाटक होतं, असं सिंधू सांगणार होती, पण तोवर खंडोजीरावांनी माइक घेऊन हरिहररावांच्या कुटुंबाचे मोकळेपणाबद्दल आभार मानूनही टाकले.

गुरुराव मेकअपच्या खोलीत आले तेव्हा गाडी सुटून पाच मिनिटं झाली होती. खोलीत सिंधू होती आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर तो म्हातारा. गुरुराव सिंधूकडे न बघता सरळ म्हाताऱ्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला.

"ताता, माझी मुलगी आहे इथंच कुठंतरी. तिचं नाटक राहिलं, रुसून बसली असेल. तिला नाटक शिकायला जायचंय. मी नको म्हटलं. तुमचं ऐकल्यापासून छातीत कसंतरी होतंय. तुम्ही सांगा, पाठवू का?" असं म्हणून ते पायाला हात लावायला वाकले.

म्हातारा ताडकन उठून मागे सरकला. "अप्पा, नको."

गुरुराव वाकले ते तसेच राहिले. मग सावकाश सरळ झाले. मिशा पाहिल्या, चष्मा पाहिला, चष्म्यामागचे डोळे बराच वेळ पाहिले.

"घसा मी असा खाकरतो?"

"हं."

"आणि घड्याळ?"

"हं."

ते स्टुलावर बसले. सिंधूनं पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातात नुसतं धरून ठेवलं. "घरी एवढं बोलली नाहीस कधी," ते म्हणाले.

"घरी कुणी माझा सत्कार करत नाही, अप्पा."

तेवढ्यात दार ढकलून खंडोजीराव आले. पाठीमागे बदामदुधाचा पेला घेऊन भुजंगराव. खंडोजीरावांनी म्हाताऱ्याचे हात पुन्हा धरले आणि सांगून टाकलं, की समितीचं आत्ताच ठरलं आहे, पुढच्या वर्षी प्रमुख पाहुणे हरिहररावच. नाही म्हणायचं नाही. तारीख आत्ताच लिहून घ्या.

चैत्रानं तोंड उघडलं, पण गुरुरावच उठून मध्ये उभे राहिले.

"पुढच्या वर्षी जमणार नाही त्यांना. त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी कळवणार आहेत, तीन वर्षं शिकायला चाललेत."

खंडोजीरावांनी पेट्याखालच्या पांढऱ्या मिशांकडे पाहिलं. "शिकायला? या वयात?"

"हेच तर वय आहे," गुरुराव म्हणाले.