ढोलीचा जागेवरचा अहवाल

एका जंगलात, मुलांनो, घर घेण्याआधी घराची पाहणी करून घ्यायची पद्धत होती.

पूर्वी नव्हती. पूर्वी पक्षी झाड बघायचे, आवडलं तर राहायचे आणि नाही आवडलं तरी राहायचे. मग कुणाची फांदी मोडली, कुणाच्या बिळात पाणी शिरलं, आणि सगळे म्हणू लागले, "हे आम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

सांगायला एक जण तयार झाला. सुतार पक्षी टोकेकर.

टोकेकर खोडावर चोच ठोकायचे आणि कान लावायचे. मग घरी जायचे. विचार करायचे. पळसाच्या पानावर चोचीने टोचून अहवाल लिहायचे आणि तो घेऊन परत यायचे. अहवाल चांगला असायचा. फक्त तो येईपर्यंत त्या ढोलीत मैनेची पिल्लं उडायला शिकलेली असायची.

गिऱ्हाईकं कुरकुरू लागली. तेव्हा टोकेकरांनी जाहीर केलं, की यापुढे अहवाल जागेवर मिळेल. पाहणी चालू असतानाच लिहायचा आणि झाड सोडायच्या आत द्यायचा.

पण इथे एक अडचण आली. टोकेकरांना चोच एकच. तिनेच ठोकायचं, तिनेच लिहायचं. ठोकत असले की लिहिणं राही, लिहीत असले की ठोकणं राही.

शेवटी त्यांना युक्ती सुचली. ते पान खोडावर ठेवायचे आणि पानावरच चोच मारायचे. लिहिणंही झालं, ठोकणंही झालं. आवाज मात्र आता झाडाचा येत नसे, पानाचा येई. आणि पान कुठल्याही झाडावर सारखंच वाजतं.

जंगल खूश झालं. टोकेकरांना बोलावणी वाढली. लोक अहवाल हातात घेत, शेवटचा शब्द 'समाधानकारक' आहे ना एवढं बघत, आणि सामान आत टाकत.

त्याच जंगलात चारुता नावाची एक धनेशीण होती. मोठ्या वाकड्या चोचीची, काळजीखोर डोळ्यांची. तिचा नवरा अभिराम. हे तिचं पहिलंच अंडं होतं आणि ते कधीही येणार होतं.

धनेशांची रीत तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. धनेशीण अंडं घालायच्या आधी ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नवरा त्या फटीतून फळं भरवतो. पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. शिवाय आत बसल्यावर तिची पिसं गळतात, म्हणजे घाबरून उडून जायचीही सोय नाही.

तेव्हा बाकीच्यांचं घर चुकलं तर घर बदलता येतं. चारुताचं चुकलं तर संपलंच.

म्हणून ती काळजी करायची. बेहड्याच्या झाडातली एक ढोली अभिरामने शोधली होती. चारुताने ती वरून पाहिली, खालून पाहिली, वारा सुटलेला असताना पाहिली, वारा पडल्यावर पाहिली.

"अगं, किती बघशील!" अभिराम म्हणाला. "तुझी आई बघत होती का इतकं?"

"आईला काही वाटायचंच नाही रे. मलाच मेलं सगळं वाटतं." चारुता म्हणाली. आणि मग तिला वाटलं, की आपल्याला जरा जास्तच वाटतं, हे बाळासाठी चांगलं नसेल. त्याचीही तिने थोडी काळजी केली.

मुलांनो, अशा बाया फक्त जंगलात असतात. तुमची आई तशी नाही. ती आत्ता फक्त गॅस बंद केला का, ते बघायला परत गेली आहे.

तर टोकेकरांना बोलावणं गेलं. ते आले ते पान घेऊनच आले. नमस्कार करता करता त्यांनी लिहायला सुरुवात केली.

"झाड, आहे," ते मोठ्याने म्हणाले आणि टोचलं. "उभं आहे. समाधानकारक."

"साहेब, एकदा ठोकून बघता का?" चारुता म्हणाली.

"ठोकतोच आहे की, ताई." टक, टक, टक. "ढोलीचं तोंड, गोल. समाधानकारक."

अभिराम भारावून गेला. "बघ, कसे भराभर चाललेत! मी चिखल घेऊन येतो." आणि तो ओढ्याकडे उडालाही.

टोकेकरांनी ढोलीच्या तोंडाशी गाल नेला. डोळे पानावरच होते.

"हवा," ते म्हणाले. "खेळती आहे. आतून बाहेर येते." ते थोडे थांबले. "मग बाहेरून आत जाते. मग परत येते. उत्तम."

चारुताची मान ताठ झाली.

"साहेब, हवा अशी ये-जा करते का कधी?"

"चांगल्या घरात करते, ताई."

"पण हा श्वास वाटतोय."

"तुम्हाला श्वास वाटतोय, मला हवा वाटतेय. अहवालात मला काय वाटतं ते येतं." टक, टक. त्यांनी आत नख घालून पाहिलं. "तळ, मऊ. थरावर थर, गोल रचलेले. किंचित हलतो. बाळाला झोका वेगळा बांधायला नको."

"हलतो?"

"किंचित, म्हटलं ना."

"आणि हा वास कसला येतोय?"

टोकेकरांनी वास घेतला. "सशाचा. म्हणजे शेजारपाजार आहे. वस्ती चांगली." आणि तेही टोचलं.

इतक्यात अभिराम परतला. चोच चिखलाने गच्च भरली होती, त्यामुळे त्याला बोलता येईना. त्याने चिखलाकडे, ढोलीकडे आणि चारुताकडे डोळ्यांनी खुणा केल्या. आत जा, असा त्याचा अर्थ होता.

"अहवाल तयार!" टोकेकरांनी पान झटकलं. "शेवटी बघा. समाधानकारक. आता ताईंनी आत बसावं. मला पुढे वडावर जायचंय, तिथे वटवाघळं उलटी लटकून वाट बघतायत."

चारुता ढोलीच्या तोंडाशी गेली. पोटात अंडं जड झालं होतं. नवरा चिखल घेऊन उभा. साहेब पान घेऊन उभे. तिला वाटलं, एवढे शिकलेसवरलेले साहेब लिहून देतायत, त्यात आपण कोण शंका काढणार? आपल्याला तर पानं पडली तरी वाटतं की काहीतरी पडलं.

तिने एक पाऊल आत टाकलं.

मग ते मागे घेतलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "माझ्याजवळ उंबर आहे. तेवढं आत टाकून बघते."

"उंबर?" टोकेकर हसले. "ही कुठली पद्धत?"

"पद्धत नाही हो. मनाचं समाधान."

"ममं मममं!" अभिराम चिखलातून म्हणाला. अगं पुरे, असं त्याला म्हणायचं होतं.

चारुताने उंबर आत टाकलं. ते कुठेतरी मऊ जागी पडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. चारुताला आपली लाज वाटू लागली.

मग आतून एक जाड, झोपाळलेला आवाज आला.

"आभारी आहे. पण मी फळं खात नाही."

अभिरामच्या चोचीतला सगळा चिखल टोकेकरांच्या डोक्यावर पडला.

ढोलीतून एक भलं मोठं डोकं बाहेर आलं. तो अजगर होता. त्याने नुकताच एक ससा गिळला होता, त्यामुळे त्या दिवसांत त्याचं कुणाशीच वैर नव्हतं.

"कसली गडबड चाललीये?" त्याने सौजन्याने विचारलं.

"तुमच्या घराचा अहवाल," टोकेकर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता, पण चोच चालूच होती. "रखवाली, चोवीस तास. समाधानकारक."

"साहेब!" चारुता ओरडली. "अहो, तो अजगर आहे! मी आत बसून दार लिंपून घेतलं असतं!"

टोकेकरांना ते लागलं. "ताई, मी काही लपवलंय का? हवा लिहिली. तळ लिहिला. वाससुद्धा लिहिला. एक तरी शब्द खोटा आहे का सांगा."

चारुताने विचार केला. खोटा एकही नव्हता.

"आणि राहतं कोण, हे आमच्या कामात येत नाही," टोकेकर म्हणाले. "आम्ही घर बघतो."

"मला द्या बरं ते पान," अजगर म्हणाला. "माझं घर इतकं चांगलं आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

टोकेकरांनी अहवाल त्याला दिला आणि मागे न बघता वडाकडे गेले. जागेवर द्यायचं वचन त्यांनी पाळलं होतं.

आता चारुताला थांबणं शक्य नव्हतं. पलीकडे सातविणीचं झाड होतं. त्यालाही ढोली होती, जरा अरुंद, जरा तिरकी. चारुताने आत एक उंबर टाकलं. मग दुसरं टाकलं. मग अभिरामकडून आणखी मागून घेतली आणि तीही टाकली.

कुणीही आभार मानले नाहीत.

"बसते मी," चारुता म्हणाली.

अभिराम निमूट ओढ्यावरून नवा चिखल घेऊन आला. दार लिंपून झालं, आणि त्याच संध्याकाळी अंडं आलं. आत टाकलेली उंबरंही वाया गेली नाहीत.

पण जंगल ते जंगलच. चार पक्षी चार गोष्टी बोलू लागले.

"अंडं बिनअहवालाच्या घरात घातलंय म्हणे!" मैना म्हणाली. "आम्हाला बाई एवढं धाडस होत नाही."

अभिराम फळं आणायला गेला, की त्याला सगळे हेच विचारत. अंड्यातून पिल्लू बाहेर आलं तरी विचारणं थांबलं नाही. शेवटी तो कंटाळला आणि त्याने टोकेकरांना पुन्हा बोलावलं.

"तिला कळू देऊ नका," तो हळूच म्हणाला. "बाहेरून बघा आणि लिहून टाका."

टोकेकरांनी पान खोडावर ठेवलं. टक, टक.

"कोण आहे?" आतून चारुता कडाडली. "कोण ठोकतंय? बाळाचा आत्ता कुठे डोळा लागतोय!"

टोकेकर दचकले. मागच्या वेळचा चिखल त्यांच्या चांगला लक्षात होता. या वेळी त्यांनी एकही गोष्ट नजरेआड केली नाही. तोंड, बंद. हवा, एका फटीपुरती. आतून आवाज येतो, चढा. आत कोणीतरी राहतं. शेवटी त्यांनी मोठ्या अक्षरांत टोचलं, 'असमाधानकारक'.

अभिरामने घाबरत घाबरत ते पान फटीतून आत सरकवलं. आता ही रात्रंदिवस विचार करणार, असं त्याला वाटलं.

चारुताने अहवाल वाचला. दोनदा वाचला. पिल्लाच्या बाजूला भिंतीत एक बारीक भोक होतं, तिथून पिल्लाला वारा लागेल असं तिला कधीपासून वाटत होतं. मग तिने पान त्यावर ठेवून पाहिलं. बरोबर बसलं. तिने वरून चिखल लिंपला, आणि बऱ्याच दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

आणि अजगर? त्याने आपला अहवाल ढोलीच्या तोंडाशी लावला. शेवटचा शब्द लांबून दिसेल असा. तेव्हापासून त्याला जेवणासाठी बाहेर जावं लागत नाही. परवाच मैना सहकुटुंब घर बघायला गेली. आत जाताना ती म्हणाली, "बघा, याला म्हणतात कागदोपत्री चोख घर."

नाही, मुलांनो, ती बाहेर कधी आली ते मला विचारू नका. मी आधीच काळजीत आहे.

तात्पर्य : घराचा अहवाल नेहमी जागेवरच घ्यावा आणि शेवटचा शब्द बघून आत जावं. सगळा वाचत बसलं, की मनात शंका येतात. आणि फार काळजी करू नये. काळजी करणाऱ्यांची घरं शेवटी असमाधानकारकच ठरतात.