दोन सीटांची गाडी

"आंघोळीचा टावेल गेला, उशीचा अभ्रा गेला. आता माझं लुगडं मागते हा माणूस," गोदावरीबाई अंगण झाडता झाडता पुटपुटल्या. इश्वररावांना ते स्पष्ट ऐकू आलं, कारण ते गाडीखाली उताणे पडले होते आणि बाईंचा झाडू त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर चालला होता.

"ऐकून राहिलो मी," गाडीखालून आवाज आला.

"ऐका म्हणूनच बोलून राहिली."

इश्वरराव जवाहरनगरच्या आयुध कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाले होते. भोक केसभर मोठं निघालं तरी माल परत पाठवणारा माणूस! निवृत्तीनंतर अड्याळला घर बांधलं, आणि बाकीचे लोक ज्या वयात तीर्थयात्रेची चौकशी करतात त्या वयात यांनी एका जुन्या मालगुजाराच्या गुरांच्या कोठ्यातून, भाताच्या तणसाच्या ढिगाखालून, एक विलायती स्पोर्ट्स कार ओढून आणली. मूळची लाल होती म्हणतात. आली तेव्हा वाळल्या गोवरीच्या रंगाची होती. सीटमध्ये उंदरांचं एकत्र कुटुंब नांदत होतं, आणि बॉनेट उघडल्याबरोबर आतून एक कोंबडी, झोपमोड केल्याच्या रागानं, बाहेर आली.

"पाहून घ्या," इश्वरराव साऱ्या गल्लीला म्हणाले होते. "यंदा सानगडीच्या मंडईले हिले याच गाडीत नेतो. टप उघडा टाकून."

दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि लेकीबाळी माहेरी जातात. सानगडी गोदावरीबाईंचं माहेर. नोकरीभर इश्वरराव तिथं एसटीनं पोचले, चुरगळलेले आणि उशिरा. थोरला मेव्हणा केवळराम दरवर्षी फाटकात उभा राहून विचारायचा, "का जी जवाईबापू, यंदाही उभ्यानंच आले का?" सगळं फाटक हसायचं. त्यामुळे टावेलांची कुरकुर वेगळी, पण मंडईला नेसायची जांभळी साडी गोदावरीबाईंनी केव्हाच पेटीतून वर काढून ठेवली होती.

अडचण एकच होती. इश्वररावांना गाडी चालवता येत नव्हती.

सगळी नोकरी त्यांनी कारखान्याच्या बसनं केली. डावीकडची ठरलेली खिडकी, मांडीवर डबा, बस हलली की मान खाली. लग्नानंतर एकदा लुना शिकायला घेतली होती. ती सानगडीच्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, दोन म्हशींच्या मधोमध जाऊन थांबली, आणि घरात तो विषय कायमचा बंद झाला. हे गोदावरीबाईंना माहीत होतं. गाडीचं काम करणाऱ्या लिलाधरला, म्हणजे गावातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकला, माहीत होतं. गल्लीलाही माहीत होतं. पण जो माणूस रोज संध्याकाळी स्टिअरिंगला खोबरेल चोळतो, त्याला हे सांगायचं कोणी?

काम मात्र चोख झालं. लिलाधरनं बसवलेला नट इश्वरराव भिंग लावून बघायचे आणि काढायला लावायचे.

"काकाजी, हे गाडी आहे, तोफेचा गोळा नाही," लिलाधर रडकुंडीला यायचा.

"पास नाही म्हणजे नाही."

चाचणीला लिलाधर चालवायचा आणि इश्वरराव शेजारी बसायचे. "स्टेरिंग जरा जड लागून राहिलं," ते परत आल्यावर म्हणायचे. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात होतं, याकडे कोणी लक्ष वेधलं नाही.

मंडईच्या आदल्या दिवशी गोदावरीबाईंनी धीर केला.

"का जी, लिलाधरले म्हणू का सोबत याले?"

"सीटा दोन आहेत. तो आला तं तू कुठं बसशीन?"

"तेच तं."

"मंग?"

"काही नाही," म्हणून त्या चिवडा डब्यात भरायला गेल्या.

सकाळी टायरांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. गाडी नव्या नवरीसारखी लालभडक. लिलाधरनं इंजिन चालू केलं आणि तो उतरला. इश्वरराव कडक इस्त्रीत, काळा चष्मा लावून आले, आणि आयुष्यभराच्या सवयीनं डावीकडचं दार उघडून खिडकीशी बसले. चिवड्याचा डबा मांडीवर घेतला. डोळे मिटले.

गोदावरीबाई पिशवी घेऊन त्याच दाराशी आल्या, तर जागा भरलेली. मग त्या वळसा घालून उरलेल्या सीटवर बसल्या आणि समोरच्या स्टिअरिंगकडे परक्या घरात आल्यासारख्या बघत राहिल्या. इंजिन घुरघुरत होतं. गाडी जागची हलत नव्हती. गल्लीतला प्रत्येक जण दुसरीकडे पाहू लागला. एक म्हातारा म्हणाला, "पेट्रोलचा वास कसा मस्त येऊन राहिला."

शेवटी लिलाधर खाकरला. "काकाजी, टायर नवे आहेत. नव्या नवरीले कोणी पायी चालवत नेते का? ट्रॉलीवर चढवून देतो."

"बरोबर आहे," इश्वरराव डोळे न उघडता म्हणाले. "टायर जपले पाहिजे."

उंच बांधाला ट्रॉली लावून गाडी चढवली, दोरखंडानं आवळली, आणि लिलाधरचा ट्रॅक्टर सानगडीकडे निघाला. धानाच्या बांध्यांतले लोक विळे थांबवून बघत होते. ट्रॉलीत गाडी, गाडीत दोघं. इश्वरराव पहिल्या मैलातच झोपले. हात कुठं ठेवावे ते न सुचून गोदावरीबाईंनी ते स्टिअरिंगवर ठेवले होते. पदर वाऱ्यावर उडत होता. रस्ता वळला की त्याही स्टिअरिंग थोडं वळवत, उगाच अंगावर काही यायला नको म्हणून.

मंडईत पाळण्यांपेक्षा यांच्याभोवती गर्दी जमली. केवळराम वाट काढत आला.

"का जी जवाईबापू, यंदा बसून आले. पण गाडीले उचलून आणा लागलं. बंद पडली का?"

"रस्ता खराब होता दादा," गोदावरीबाई घाईनं म्हणाल्या.

"रस्ता तं आत्ताच नवा झाला."

"टायर..." लिलाधरनं सुरुवात केली, पण मागून कोणी तरी म्हणालं, "मिस्त्री कच्चा दिसते." लिलाधरनं मान खाली घातली आणि आपले काळवंडलेले हात पाहू लागला. वर्षभर त्यानं एकेक नट चारचारदा बसवला होता.

"मिस्त्री काय करंन, मालच जुना," केवळराम ट्रॉलीवर चढला आणि बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या. "भंगार आहे जी हे. देऊन टाका."

गर्दी हसली. गोदावरीबाईंनी जांभळा पदर डोक्यावर ओढून घेतला आणि स्टिअरिंग घट्ट धरलं.

इश्वररावांनी चष्मा काढला. त्यांनी पास केलेला माल सबंध नोकरीत कधी परत आला नव्हता. डबा बायकोच्या मांडीवर ठेवून ते सीटवर उभे राहिले, तेव्हा ते साऱ्या मंडईच्या वर होते, आणि नेमका तेवढ्यात मंडईतला गाण्यांचा भोंगाही थांबला.

"पास झालेला माल आहे हा. मिस्त्री पक्का आहे, गाडी फस्ट क्लास आहे," ते म्हणाले. "मलेच चालवता येत नाही."