वधू हीच वराची आई नसल्याबाबत

आपण आपल्या आईला जन्मापासून ओळखतो, असा एक सर्वसाधारण समज जगभर आढळतो. शासनाचा या समजावर विश्वास नाही, आणि शासनाचं बरोबरच आहे. जन्माच्या वेळी आपण सगळेच फार लहान असतो, डोळे मिटलेले असतात, आणि अशा अवस्थेत दिलेली साक्ष कुठल्याच कार्यालयात ग्राह्य धरत नाहीत. म्हणून तर नोंदणी कार्यालयं काढावी लागली. ती नसती तर लोक आपापल्या आठवणीवर विसंबून राहिले असते आणि देशभर गोंधळ माजला असता.

आमच्या डूनाव्हारमध्ये हा गोंधळ पूर्वापार चालू आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर रस्ता जिथं थकून संपतो, तिथं आमचं गाव. मी इथला पोस्टमन. गेल्या जनगणनेत गावातली पंच्याण्णव टक्के माणसं ब्रेस्लिन आडनावाची निघाली. उरलेल्या पाच टक्क्यांत मासे आणि चिप्सचं दुकान चालवणारं पोलिश जोडपं, नायजेरियाहून आलेले फादर आणि एक इंग्रज चित्रकार येतात. (चित्रकार दार उघडत नाही. त्याला खिडकीतून मोजला.) सगळ्यांचं आडनाव एकच आणि नावंही त्याच पाचसहांतली, म्हणून घराण्यांना टोपणनावं पडली आहेत. मीठवाले, शिडीवाले, आगबोटवाले, बदकं. मीठवाल्यांचे पणजोबा मीठ विकायचे. शिडीवाल्यांच्या पणजोबांनी शेजाऱ्याची शिडी मागून नेली, ती अजून परत यायची आहे. मी बदकांपैकी, कारण विचारू नये. ही पद्धत शेकडो वर्षं बिनचूक चालली आहे, त्यामुळे अर्थातच ती कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

मीठवाल्यांचा फर्गल साठी उलटलेला, बिनलग्नाचा. खेकडे धरतो, कमी बोलतो. शिडीवाल्यांची युना त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. ती विशीच्या आत ग्लासगोला गेली, तिथल्या इस्पितळाच्या भटारखान्यात जन्म काढला आणि निवृत्त होऊन गेल्या वर्षी परत आली. मागणी घातली गेली ती चिप्सच्या दुकानात, आणि माझ्या समोर, कारण टेबल एकच रिकामं होतं.

"तुझं छप्पर गळतंय," फर्गल म्हणाला.

"माहीत आहे."

"माझं नाही गळत."

युनानं चिप्सवर सावकाश व्हिनेगर शिंपडलं. "एवढं विचारायला मला म्हातारी व्हायला लावलंस."

"तू ग्लासगोला होतीस ना."

"ग्लासगोला टपाल जातं. विचार की ह्याला."

टपाल जातं, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. अशा रीतीनं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाची सूचना तीन महिने आधी काउंटीच्या नोंदणी कार्यालयात द्यावी लागते. फर्गलची गाडी खेकड्यांच्या वासामुळे माणसांच्या वापरासाठी बाद झालेली आहे, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी मीच दोघांना घेऊन गेलो. काउंटरवर अट्रॅक्टा मॅकगोवर्न बाई होत्या. इतका सचोटीचा अधिकारी मी पाहिलेला नाही. वाढदिवसाचा केक कापण्याआधी त्या स्वतःचा जन्मदाखला काढून तारीख पडताळतात, असं त्यांचे यजमान सांगतात. आणि ते हे तक्रार म्हणून सांगत नाहीत.

बाईंनी फर्गलचा दाखला मोठ्यानं वाचला. "वराची आई, युना ब्रेस्लिन. माहेरचं आडनाव ब्रेस्लिन. राहणार डूनाव्हार." मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वधूचं नाव?"

"युना ब्रेस्लिन," युना म्हणाली.

"राहणार?"

"डूनाव्हार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्टर ब्रेस्लिन, या तुमच्या कोण?"

"होणारी बायको."

"ते पुढचं झालं. आत्ता कोण?"

"अहो बाई, मी ह्याच्याहून लहान आहे," युना म्हणाली.

"वयाचा मुद्दा तपासणीच्या पुढच्या टप्प्यात येतो. आपण अजून नावावर आहोत."

फर्गल कधी नव्हे तो चार वाक्यं बोलला. आईच्या थडग्यावर तिचं पूर्ण नाव आहे, युना रोझ. कारकुनानं रोझ गाळलं. तेवढं घाला. ही बाई नुसतीच युना आहे.

"थडगं मला अर्जाला जोडता येत नाही," बाई खरोखरच्या सहानुभूतीनं म्हणाल्या. "आणि जन्मनोंदीत आईच्या नावाची दुरुस्ती फक्त आईच्या अर्जावर होते."

"आई वारली हो माझी."

"असं तुम्ही म्हणता. कागदाप्रमाणे ती तुमच्या शेजारी बसून पेपरमिंट खाते आहे."

युनानं पेपरमिंट गिळलं.

आई वारल्याचा पुरावा आणणं हाच मार्ग होता. पुढच्या खेपेला फर्गलनं मृत्यूचा दाखला पुढे केला. आमच्याकडच्या दाखल्यात जुन्या काळी मोजकंच लिहीत: युना ब्रेस्लिन, डूनाव्हार, हृदयविकार. (वयाच्या जागी 'वयस्कर' असं होतं. त्या वेळच्या कारकुनाला बायकांना वय विचारण्याचा संकोच वाटे.) मॅकगोवर्न बाईंनी तो दोनदा वाचला, उठून उभ्या राहिल्या आणि काउंटरवरून हात पुढे करून त्यांनी युनाचं सांत्वन केलं.

"फार वाईट झालं," त्या युनाला म्हणाल्या. "तुम्ही गेल्याचं आम्हाला कुणी कळवलंच नाही."

आता आली का अडचण. एक युना ब्रेस्लिन असेल तर ती एकतर वराची आई होती किंवा मयत होती. कायद्याचा या दोन्ही गोष्टींना आक्षेप नाही; मात्र दोन्हींपैकी कुणाशीही लग्न लावता येत नाही. बाईंनी कर्तव्य म्हणून मृत्यूची माहिती पेन्शन खात्याला कळवली. ज्या खात्यानं युनाचा अर्ज मंजूर करायला अख्खा हिवाळा घेतला होता, त्यानं तिचा मृत्यू आठवडा संपायच्या आत मंजूर केला. यंत्रणा मंद आहे असं म्हणणाऱ्यांनी या वेगाची नोंद घ्यावी.

गावानं प्रसंग ओळखून वागायचं ठरवलं. आगबोटवाल्यांच्या बायका हॅमची सँडविचं घेऊन युनाकडे गेल्या आणि तिनंच केलेला चहा पीत ती किती चांगली होती यावर बोलल्या. ग्लासगोहून तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी प्रार्थना सांगितल्याची कार्डं आली. ती मी तिच्याच हातात दिली. तिनं ती चुलीवरच्या फळीवर ओळीनं मांडली आणि कुणी पाठवलं नाही तेही लक्षात ठेवलं. पबमध्ये फर्गलला विचारलं गेलं, "काय रे, उशिरा घरी गेलास की ओरडतं कोण, आई का बायको?"

"सध्या कुणीच नाही," फर्गल म्हणाला. "ती वारली आहे."

हसणं झालं, पण त्यानं ग्लास अर्धा टाकला आणि तो उठून गेला. हे मी त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच पाहिलं.

मॅकगोवर्न बाई हातावर हात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी नियम धुंडाळून एक वाट काढली. दोन्ही युनांना प्रत्यक्ष ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांनी शपथेवर सांगावं की या दोन वेगळ्या बाया आहेत; साक्षीदार अर्थातच नात्यातले, म्हणजे ब्रेस्लिन, नसावेत. आम्ही उरलेल्या पाच टक्क्यांकडे गेलो. पोलिश जोडपं आणि फादर म्हातारी युना गेल्यानंतर गावात आलेले. चित्रकार मात्र जुना. त्यानं दार बोटभर उघडलं.

"मी कुणालाच ओळखत नाही," तो म्हणाला. "त्यासाठीच इथं राहायला आलो."

त्याची साक्ष मिळाली असती तरी एकच झाली असती.

मग शेवटचा उपाय म्हणून कार्यालयानं दोन रजिस्टर पत्रं पाठवली, एक मातेला आणि एक वधूला. एका पत्राची पोच सही होऊन आली आणि दुसरं 'मयत' असा शेरा घेऊन परत आलं, की बाया दोन असल्याचं सिद्ध. कल्पना निर्दोष होती. फक्त खासगीपणाच्या नियमामुळे पाकिटावर माता किंवा वधू असं लिहिता येईना. दोन्हींवर एकच मजकूर होता: युना ब्रेस्लिन, डूनाव्हार. डूनाव्हारमध्ये त्या नावाची हयात व्यक्ती एकच, आणि ती दारात उभी. पोस्टाच्या नियमाप्रमाणे मी दोन्ही तिला दिली आणि तिनं दोन्हींवर सही केली.

"एक परत ने ना," ती म्हणाली होती.

"कुठलं?" मी विचारलं.

निकाल लेखी आला. दोन्ही पत्रं एकाच व्यक्तीनं स्वीकारल्यामुळे युना ब्रेस्लिन ही एकच असून ती हयात आहे, सबब तीच अर्जदाराची माता होय. मृत्यूची नोंद चुकीची असल्याचा संशय असून तो यथावकाश तपासला जाईल. सोबत पेन्शन पुन्हा चालू केल्याचा कागद.

त्या दुपारी युनानं मला ग्लासगोच्या बसच्या वेळा विचारल्या. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. फर्गल ओट्यावर बसून दोरखंडाची एक गाठ सोडवत होता, बांधत होता, पुन्हा सोडवत होता.

"तिथं मला कुणी ओळखत नाही," ती म्हणाली, "पण तिथं मी कुणाची आईही नाही. ह्या वयात मला साठीचा मुलगा नको. नवरा हवा होता."

"थांब ना," फर्गल म्हणाला.

"कशासाठी? तुझ्या आईची दुरुस्ती तुझ्या आईलाच करता येते म्हणतात. ती बिचारी कशी येणार..."

मग तिनं तो निकालाचा कागद पुन्हा वाचला, या वेळी अगदी हळू. बॅग पायानं आत ढकलली आणि कोट चढवला.

"गाडी काढ रे," ती मला म्हणाली. "मला माझ्या मुलाचं काम आहे."

मॅकगोवर्न बाईंसमोर ती ताठ बसली. तिनं निकाल पुढे केला, ओळखपत्र पुढे केलं. "मी ह्या फर्गलची आई. तुम्हीच तसं लेखी दिलंय. त्याच्या जन्मनोंदीत माझं नाव अपुरं आहे. मला दुरुस्ती करायची आहे."

बाईंनी कागद पाहिला. सही त्यांचीच होती. "काय लिहायचं?"

युनानं फर्गलकडे पाहिलं.

"युना रोझ," फर्गल म्हणाला. "बाबा तिला नुसतं रोझ म्हणायचे. दार लावून घेतल्यावर."

बाईंनी लिहिलं, माता युना रोझ ब्रेस्लिन, आणि शिक्का मारला. शिक्का उचलला गेला त्या क्षणापासून समोर बसलेली बाई वराची आई राहिली नाही, कारण तिच्या नावात रोझ नव्हतं. बाईंनी मान वर केली.

"दुरुस्ती मंजूर. आता आपण कोण?"

"वधू."

"मग नवीन टोकन घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या. मला वाटतं त्या हसल्या. पण हे मी शपथेवर सांगणार नाही.

टोकनचा नंबर येईपर्यंत फर्गलनं, आता निर्विवाद मुलगा या नात्यानं, मृत्यूच्या नोंदीतही रोझ घालून घेतलं. अशा प्रकारे त्याची आई त्या दुपारी रीतसर वारली. बाहेर येऊन त्यानं माझ्या गाडीला टेकून बराच वेळ नाक पुसलं. युना त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

लग्न गावच्या हॉलमध्ये झालं. लावायला मॅकगोवर्न बाई स्वतः आल्या. कुणाची हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळे ब्रेस्लिन एकाच वेळी त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी थोडा विचार केला आणि पुढचं पान उलटलं. चित्रकारही आला होता. दाराशी उभा राहिला, केक खाल्ला आणि कुणाशीही ओळख न करून घेता गेला.

ही हकिकत मी ज्यांना सांगतो ते हमखास कार्यालयाला हसतात. तुम्हीही हसला असाल. कार्यालयानं निदान कागद मागितला, पत्रं धाडली, साक्षीदार शोधले. तुम्ही काय केलंत? या दोन वेगळ्या बाया आहेत हे तुम्ही पहिल्यापासून धरून चाललात, आणि तेही एका पोस्टमनच्या नुसत्या तोंडी सांगण्यावर. एक दाखला तुम्ही मागितला नाहीत, थडगं बघायला आला नाहीत. एवढ्या भोळ्या माणसाचा जन्मदाखला कुणी तपासून घेतला असेल, असं मला वाटत नाही. जरा काढून बघा. आईचं नाव पूर्ण आहे ना? तोवर तुम्ही कोण, हे मी मोकळं सोडतो.