पोले, पोले!

डोंगर कसा चढायचा हे मला कोणी शिकवू नये! माहेरी दिघाशीला असताना डोक्यावर गवताचा भारा घेऊन मी टेकडी उतरत असे, तीही अनवाणी. त्यामुळे नातू हितेश नोकरीसाठी आफ्रिकेत गेला आणि फोनवर म्हणाला, "आजी, ये ना, तुला किलिमांजारो दाखवतो," तेव्हा मी ताडकन म्हटलं, "दाखवतोस काय? चढते!"

नारपोलीत ही बातमी मी एकाच माणसाला सांगितली. माझी धाकटी जाऊ पार्वती. तिला जळवल्याशिवाय मजा काय? ती १९७६ साली आमच्या घरात आली आणि तेव्हापासून माझ्या पुढेच आहे. गॅसची शेगडी आधी तिच्याकडे. रंगीत टीव्ही आधी तिच्याकडे. जमिनीवर गोदाम आधी तिचं. फार कशाला, माझे गुडघे दुखायला लागले, तर त्याआधी सहा महिने तिचे दुखत होते!

"आक्का, मी पन येते," पार्वती म्हणाली. तिकीटही माझ्याआधी काढलं!

शिखर आमच्या वयाला झेपणारं नव्हतं. हितेश म्हणाला, पहिल्या मुक्कामापर्यंत जाऊन त्याच दिवशी परत येऊ. जवळजवळ नऊ हजार फूट. तिथे उंचीची पाटी आहे. मी मनात ठरवलं, त्या पाटीशेजारचा पहिला फोटो माझा, आणि पार्वती पोहोचायच्या आत तो भिवंडीला सगळ्या भावकीच्या मोबाइलवर!

"हितेश, पण हा ज्वालामुखी ना रे? विझलाय ना?"

"झोपलाय, आजी."

"झोपलाय म्हणजे उठेल की! तुझे आजोबाही असेच झोपायचे. उठले की घर डोक्यावर घ्यायचे!"

आमचा वाटाड्या जोसेफ. दाट, थंडगार जंगल. मी लुगड्यावर नवे कोरे बूट चढवलेले. पार्वती दहा पावलं पुढे! मी वेग घेतला, तसा जोसेफ मागून ओरडला, "पोले, पोले!"

आता, आमच्या आगरी तोंडात ळ बसत नाही. काळा तो काला, डोळा तो डोला आणि पोळणं ते पोलनं. परमुलखातला माणूस आपल्या बोलीत ओरडतोय, म्हणजे प्रकरण गंभीर! खाली विस्तव होता तर! मी तापल्या तव्यावरच्या लाह्यांसारखी पावलं उडवू लागले. तो आणखी मोठ्याने, "पोले, पोले!" मी आणखी जोरात! नवे बूट चावत होते, त्यामुळे टाचा खरोखरच पोळायला लागल्या.

पार्वतीला ओलांडताना क्षणभर वाटलं, बिचारीला सांगावं. पन्नास वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलोय. मग तो रंगीत टीव्ही आठवला. गप्प पुढे गेले.

पुढच्या वळणावर मी बाटलीतलं सगळं पाणी दोन्ही बुटांत ओतलं. जोसेफने धावत येऊन कपाळाला हात लावला. "पोले, मामा, पोले!"

मला मामा म्हणाला! माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरला असावा. मी लुगडं खोचून जी धावत सुटले, ती थेट पाटीखाली बदकन बसले आणि बूट काढून फेकले. पहिली! पण डोळ्यांपुढे काजवे, छातीचा भाता झालेला, आणि फोटो काढणारा हितेश अर्धा तास मागे.

तो आला. सोबत पार्वती. केसही विस्कटलेला नाही.

"आजी, पळालीस कशाला? तो ओरडून दमला. पोले पोले म्हणजे इकडच्या भाषेत हळू हळू!"

मी काही बोलायच्या आत पार्वतीनेच विचारलं, "म्हंजे खाली विस्तव न्हाय?"

"तुझ्याही कानावर तसंच पडलं? मग बोलली का न्हाईस?"

"तू तरी कुठं बोललीस, आक्का? मी म्हनलं, आक्काला पुढं जाऊ दे. तिचे पाय पोलले तर मना कलंलच. तुझ्या पावलावर पाय ठेवत आली मी!"

मला उठवेना. पार्वतीने पदर सारखा केला आणि पाटीला हात लावून हसली. हितेशने फोटो काढला.

तो आता तिच्या बैठकीच्या खोलीत दरवाजाएवढा टांगलाय. त्यात मीही आहे. खाली, उजव्या कोपऱ्यात, ओल्या मोज्यातला एक पाय. येणारे-जाणारे विचारतात, "हा पाय कोणाचा?"

पार्वती चहा ओतत म्हणते, "त्या जोसेफचा असंल."