हजार फुटांपलीकडची करुणा

टॅकेट काउंटीच्या मंडळाने अफूजन्य गोळ्यांच्या साथीविरुद्ध जे धोरण एकमताने मंजूर केले, त्याचा मसुदा सदस्य व्हर्जिल एस्टेपने स्वतः लिहिला होता. व्यसन हा गुन्हा नसून आजार आहे, असे पहिल्या कलमात म्हटले होते. हा आजार बरा करणारे केंद्र काउंटीतल्या कोणत्याही चर्चपासून हजार फुटांच्या आत असता कामा नये, असे दुसऱ्या कलमात म्हटले होते. पहिल्या कलमाला टाळ्या पडल्या. दुसऱ्याला लोक उभे राहिले.

व्हर्जिलला केंद्र मनापासून हवे होते. त्याची मुलगी शॅना खांद्याच्या दुखण्यावर डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेता घेता त्या गोळ्यांचीच झाली होती. आता ती सावरली होती. वृद्धाश्रमात नोकरी करत होती, पण त्यासाठी रोज सकाळी डोंगर ओलांडून, राज्याची हद्द ओलांडून, पलीकडच्या गावातल्या केंद्रात गोळ्यांची तलफ दाबणाऱ्या मेथाडोन या औषधाचा डोस प्यावा लागे. तिची गाडी डोंगराइतकीच जुनी होती.

"गाडी बंद पडली की मीही बंद पडले, डॅडी," ती म्हणे.

"म्हणून तर धोरण आणलं," व्हर्जिल म्हणे.

जागा शोधण्याचे काम काउंटीची लेखनिक ओपल मलिन्स हिच्याकडे आले. तिने नकाशा पसरला, कंपास घेतला आणि प्रत्येक चर्चभोवती एक वर्तुळ काढले. आता टॅकेट काउंटीत लोक चर्च बदलत नाहीत, नवे काढतात. पियानो कुठे ठेवावा यावरून एक निघाले होते. गालिच्याच्या रंगावरून दोन निघाली होती, कारण तिसऱ्या रंगाचेही लोक होते. ओढ्याच्या प्रत्येक वळणावर एका चर्चची पाटी होती. वर्तुळे काढून झाली तेव्हा नकाशा माशाच्या खवल्यांसारखा दिसू लागला. एवढ्या मोठ्या काउंटीत एकच पांढरा ठिपका उरला.

"सापडली बघ जागा," ओपल म्हणाली. "टायरच्या दुकानाचा बंद पडलेला गाळा."

"कुठला?"

"तुझ्या घरासमोरचा."

व्हर्जिलने नकाशा उलटा करून पाहिला. ठिपका तिथेच होता.

"तत्त्वतः माझा पाठिंबाच आहे," तो म्हणाला. "पण तिथे कसली माणसं येतील, याचा विचार व्हायला हवा."

"शॅनासारखी येतील."

"शॅनाची गोष्ट वेगळी आहे."

"असते," ओपलने कंपास मिटला. "सगळ्यांच्याच घरची वेगळी असते."

पुढच्या रविवारी व्हर्जिलच्या गॅरेजमध्ये 'नवीन करुणा चर्च' सुरू झाले. टॅकेट काउंटीत चर्च काढायला एक भांडण, एक नाव आणि घडीच्या खुर्च्या पुरतात. भांडणाची व्यवस्था गाळ्याने केली होती. नाव व्हर्जिलला आंघोळ करताना सुचले. खुर्च्या शेजारच्या हॉबर्टने आणल्या, आणि बरोबर सगळी आळीही आणली. या आळीतले लोक एरवी एकमेकांची कुत्रीही सहन करत नसत. आता पेपरोनी भरलेल्या गरम पावांची ताटे हातोहात फिरत होती.

व्हर्जिलचे प्रवचन व्यसनग्रस्तांविषयी होते. करुणेला अंतराचे बंधन नसते, ती लांबूनही तितकीच करता येते, हा मुद्दा विशेष रंगला.

"ब्रदर व्हर्जिल, डोळे भरून आले रे," हॉबर्ट म्हणाला.

शॅना मागच्या रांगेत, फ्रीजला टेकून बसली होती. सगळे गेल्यावर ती खुर्च्या मिटू लागली.

"छान बोललात, डॅडी. कोणासाठी होतं?"

"तुझ्यासाठीच की."

"बरं. पुढच्या वेळी जरा माझ्या गाडीसाठीही बोला."

ओपलने शेवटचे वर्तुळ काढले. नकाशा पूर्ण भरला. उपचारांना काउंटीचा पूर्ण पाठिंबा आहे आणि काउंटीत त्यांना जागा नाही, असा ठराव मंडळाने केला. अनुमोदन व्हर्जिलने दिले.

त्याच आठवड्यात शॅनाची गाडी घाटात बसली ती उठलीच नाही. एक डोस चुकला. दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वयंपाकघरात गुडघे पोटाशी घेऊन, दात वाजवत बसली होती आणि हातातल्या फोनमध्ये एका जुन्या मित्राचा नंबर उघडा होता. व्हर्जिलने तो पाहिला. ट्रकची किल्ली घेतली.

एवढ्या पहाटे कुठे निघालात असे कोणी विचारले तर उत्तर हवे, म्हणून त्याने शिकारीचे नारिंगी जाकीट चढवले.

केंद्राच्या आवारात ट्रकांची रांग होती. पुढच्या ट्रकमधून हॉबर्ट उतरला. त्याच्या अंगात नारिंगी जाकीट होते. मागच्या आसनावर त्याचा थोरला मुलगा तोंडावर टोपी ओढून बसला होता. व्हर्जिलने मान वळवली. रांगभर नारिंगी जाकिटे होती आणि त्यांतली बरीचशी गेल्या रविवारी त्याच्या गॅरेजमध्ये पाव खाऊन गेली होती.

"हरणं?" व्हर्जिलने विचारले.

"हरणं," हॉबर्ट म्हणाला. "तू?"

"हरणंच."

शिकारीचा हंगाम कधीच संपला होता.

शॅना डोस पिऊन आली. तिच्या गालांवर रंग परतला होता. दारावरची सूचना तिनेच त्यांना वाचून दाखवली. गावानेही चर्चपासूनच्या अंतराचा नियम केला होता. रस्त्यापलीकडे नवे चर्च निघाले होते. डोंगरापलीकडून येणाऱ्या नारिंगी जाकीटवाल्यांचा गावाला उपद्रव होत असल्याने केंद्र महिनाअखेर बंद होणार होते.

"कसली माणसं राहतात ही," हॉबर्ट म्हणाला.

"काळीज नाही त्यांना," व्हर्जिल म्हणाला.

"डॅडी, एक तारखेला मी कुठे जाऊ?" शॅना म्हणाली.

व्हर्जिलने ट्रक चालू केला. घाटभर त्याने रिकाम्या जागा मोजल्या; प्रत्येकीच्या शेजारी चर्च होते. मसुदे मात्र त्याला लिहिता येत. घरी येऊन त्याने काउंटीबाहेरच्या सर्व समंजस नागरिकांसाठी एक जाहीर आवाहन लिहिले. व्यसनमुक्ती केंद्रासाठी जागा हवी. शेजारी सुशिक्षित, सहृदय आणि व्यसन हा आजार आहे हे मान्य असणारे असावेत. टॅकेट काउंटीतल्या लोकांचा दुटप्पीपणा वाचून हसू आले असल्यास प्राधान्य. आपल्या दारासमोर जागा असल्यास कळवावे. निकड आहे.

उत्तरे लांबलांबून आली. पाठिंबा भरघोस होता, भाषा सुंदर होती. जागेचा पत्ता एकानेही कळवला नव्हता.